वायरलेस इंटरनेट लिंक: रेडिओ निवडताना आणि लिंक आखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात, वाडीवस्तीत वायरलेसने इंटरनेट पोचवणाऱ्या छोट्या सेवादारांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुधा ‘कोणता रेडिओ घेऊ?’ असा सुरू होतो. (रेडिओ म्हणजे इथे खांबावर बसवलेला, लहरींनी इंटरनेट पाठवणारा आणि घेणारा डबा. अशा दोन डब्यांमधला दुवा म्हणजे लिंक.) तपासायला गेलं की दोष खांबात, केबलमध्ये, झाडात नाहीतर अर्थिंगमध्ये निघतो. म्हणून रेडिओच्या प्रश्नाला इथे आठव्या नंबरावर जागा मिळाली आहे.

१. नवीन लिंक टाकायची आहे. सुरुवात कुठून करू?

दोन्ही टोकांच्या जागा आधी ठरवा, रेडिओ नंतर. अंतर किती, मध्ये काय आहे, टोकाला उंची किती मिळते, तिथे लाइट किती तास असते आणि किती एमबीपीएस न्यायचे आहेत, या पाच गोष्टी कागदावर आल्या की निम्म्या शंका आपोआप सुटतात. डबा आधी घेऊन मग जागा शोधणाऱ्यांचा पैसा वाया गेलेला मी फार वेळा पाहिला आहे. वाट कशी तपासायची ते प्रश्न २ आणि ३ मध्ये, सिग्नलचं गणित प्रश्न ४ मध्ये आहे.

२. समोरचा टॉवर डोळ्यांनी स्वच्छ दिसतो. म्हणजे लाइन ऑफ साइट (दोन टोकांमधली मोकळी सरळ वाट) आहेच ना?

डोळ्याला सुईएवढी फट पुरते, रेडिओला पुरत नाही. दोन अँटेनांच्या मधली लहर दोरीसारखी सरळ जात नाही. ती काकडीच्या आकाराची जागा व्यापते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्यावर फुगलेली. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्‌झवर १० किलोमीटरच्या लिंकमध्ये या काकडीची मध्यावरची त्रिज्या सुमारे ११.४ मीटर भरते. तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ७ मीटर, दृष्टिरेषेच्या खाली मोकळा हवा. ५ किलोमीटरला हाच आकडा ५ मीटरच्या आत येतो, २० किलोमीटरला जवळजवळ १० मीटर होतो.

त्यात पृथ्वीचा फुगवटा मिळवा. १० किलोमीटरला तो मध्यावर दीड मीटर असतो, म्हणून बरेच जण सोडून देतात. पण अंतर दुप्पट झालं की फुगवटा चौपट होतो, म्हणजे २० किलोमीटरला जवळपास ६ मीटर. सपाट रानात १० किलोमीटरची लिंक असेल आणि मध्यावर १० मीटरची झाडं असतील, तर दोन्ही टोकांना साधारण १९ मीटर उंची लागते. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरचा ३ मीटरचा पाइप त्याला पुरत नाही, समोरचा टॉवर कितीही स्वच्छ दिसो.

३. गूगल अर्थवर रेषा मोकळी दिसते. तरी प्रत्यक्ष जायला हवं का?

हवंच. उंचीचा आलेख दाखवणाऱ्या अनेक प्रणालींच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेली मोजणी आहे. डोंगर, घाट, नदीचं पात्र यांसाठी ती उत्तम. पण त्यानंतर उगवलेली आमराई, उभी राहिलेली सोसायटी किंवा गेल्या वर्षी बसवलेली पाण्याची टाकी तिला माहीत नाही. आलेखावर जिथे रेषा जमिनीच्या सगळ्यात जवळ येते, त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि गाडी काढून तिथेच जा. टोकांपेक्षा ती जागा जास्त बोलते.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या सागाच्या रानातून लिंक मस्त चालते आणि ऑगस्टमध्ये त्याच सागाची पानं तिला अडवतात. नारळ, बांबू, निलगिरी यांची पुढच्या चार-पाच वर्षांची वाढ आजच धरा. बांबू तर एका पावसाळ्यात कित्येक मीटर चढतो.

४. सिग्नल किती येणार, हे आधी कागदावर कसं काढायचं?

एकच सूत्र पाठ करा. (डीबी हे सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत ताकद, डीबीआय म्हणजे अँटेना झोत किती एकवटते ते.) हवेतली घट डीबीमध्ये = ९२.४५ + २० लॉग (अंतर किलोमीटरमध्ये) + २० लॉग (फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्‌झमध्ये). १० किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्‌झला ही घट १२७.७ डीबी येते. समजा अँटेनासह ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट, पलीकडे सोडले. घेणाऱ्या बाजूला ६० सेंटिमीटरची २९ डीबीआयची डिश आहे. किरकोळ तोटा २ डीबी धरला. मग ३६ − १२७.७ + २९ − २, म्हणजे सुमारे उणे ६५ डीबीएम.

आता नॉइज, म्हणजे सिग्नलमागचा गोंगाट. शांत जागी ४० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलला (लिंक वापरते त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला) तो उणे ९२ च्या आसपास असतो. दोन्हींत २७ डीबीचं अंतर राहिलं. ६४-क्वाम (लहरीवर डेटा चढवायची पद्धत, आकडा मोठा तितका वेग जास्त) चालायला २२ ते २५ डीबी लागतात, २५६-क्वामला ३० च्या पुढे. म्हणजे ही लिंक बरी चालेल, पण डब्यावर छापलेला वेग देणार नाही. अंतर निम्मं झालं की ६ डीबी परत मिळतात, चॅनेल निम्मं अरुंद केलं की ३ डीबी.

हा कागद टॉवरवर सोबत न्या. डिश फिरवताना उणे ७७ वर आकडा स्थिर झाला आणि कागद उणे ६५ म्हणत असेल, तर तुम्ही मुख्य झोताऐवजी बाजूच्या फाट्यावर डिश पक्की करत आहात. समोरच्याने फोनवर ‘बास, आला सिग्नल’ म्हटलं म्हणून बोल्ट आवळू नका. दोन्ही दिशांना शिखर ओलांडून पुढे जा, मग मागे या. दोन्ही चेनच्या (रेडिओ एकाच वेळी वापरतो त्या दोन सिग्नल-वाटांच्या) आकड्यांत ३-४ डीबीपेक्षा जास्त फरक दिसला तर अलाइनमेंट चुकलेली आहे, नाहीतर वाटेत काहीतरी आहे.

५. मोठी डिश घेऊ की जास्त पॉवरचा रेडिओ?

डिश. सोडण्याच्या ताकदीला कायद्याची मर्यादा आहे (प्रश्न ६), आणि पॉवर वाढवली की शेजाऱ्याचा नॉइजही वाढतो. मोठी डिश मात्र ऐकतेही जास्त. ३० सेंटिमीटरच्या डिशचा झोत साधारण १२ अंश रुंद असतो, ६० सेंटिमीटरचा ६ अंश. अरुंद झोत म्हणजे बाजूच्या टॉवरचा गोंगाट कमी ऐकू येणं, आणि गजबजलेल्या तालुक्यात त्याची किंमत डीबीआयच्या आकड्याहून मोठी असते.

पण खांब पाहा. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबई-नागपूरसाठी ४४. ३९ मीटरच्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या भरीव डिशवर जवळपास ३० किलोचा जोर येतो. १२० सेंटिमीटरच्या डिशवर त्याच्या चौपट. दीड इंची जीआय पाइप आणि दोन तणावे यांवर ती डिश वाऱ्यात डोलते, आणि ३ अंशांचा झोत असलेल्या डिशला एवढं डोलणंही झेपत नाही. तणावे तीन दिशांना, सारख्या कोनात बांधा आणि दर पावसाळ्याआधी ताण तपासा.

६. परवाना न घेता कोणते बँड वापरता येतात? सेवेसाठी वेगळा परवाना लागतो का?

भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ २००५ पासून मोकळा आहे. तिथे अँटेनासह ४ वॅटची मर्यादा आहे. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्‌झ मोकळे झाले. प्रत्येक पट्ट्याची ताकदीची मर्यादा वेगळी आहे, म्हणून रेडिओत देश ‘इंडिया’च निवडा. दुसरा देश निवडून पॉवर वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. आपलीच सगळ्यांची हवा त्याने खराब होते.

बँड मोकळा असला तरी उपकरणाला मंजुरी लागते आणि इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाची परवानगीही लागतेच. आजवरच्या पद्धतीत अ वर्ग देशभरासाठी, ब एका सर्कलसाठी (साधारण एका राज्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रासाठी) आणि क त्याहून लहान भागासाठी अशी विभागणी राहिली आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर व्यवस्था बदलत आहे, त्यामुळे अर्ज करण्याआधी विभागाचे ताजे नियम वाचा.

७. सिग्नल उणे ५८ आहे, तरी स्पीड नाही. रेडिओ खराब आहे का?

बहुधा नाही. जत्रेत समोरचा कितीही मोठ्याने बोलला तरी शब्द कळत नाहीत, तसं झालं आहे. सिग्नल उणे ५८ आणि नॉइज उणे ७६ असेल, तर हातात १८ डीबीच राहतात. स्पेक्ट्रम स्कॅन करा, तोही संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, कारण दुपारी सगळे चॅनेल मोकळे दिसतात. मग चॅनेल अरुंद करून पाहा. ८० मेगाहर्ट्‌झवर धडपडणारी लिंक २० वर आणल्यावर प्रत्यक्ष वेग वाढलेला अनेकांना आधी पटत नाही, पण तसं होतं. गोंगाटाचा कमी भाग आत येतो आणि पुन्हापुन्हा पाठवणं थांबतं.

एकाच टॉवरवर तुमचेच चार सेक्टर (एकेका दिशेच्या ग्राहकांना जोडणारे रेडिओ) असतील तर शत्रू बहुधा घरचाच असतो. एक सेक्टर बोलत असताना शेजारचा ऐकत असेल तर त्याचे कान बधिर होतात. जीपीएस सिंक असलेले रेडिओ सगळ्यांना एकाच वेळी बोलायला आणि एकाच वेळी ऐकायला लावतात. तीनपेक्षा जास्त सेक्टर लावायचे असतील तर या सोयीसाठी पैसे मोजा.

८. मग कोणत्या कंपनीचा रेडिओ घेऊ?

युबिक्विटी, मायक्रोटिक, कॅम्बियम, मिमोसा ही नावं आपल्याकडे रोज ऐकू येतात. (मिमोसा २०२३ मध्ये जिओच्या रॅडिसिसने घेतली.) प्रत्येकाचं काही ना काही चांगलं आहे. मी निवडताना हे पाहतो: बिघडल्यावर बदली रेडिओ किती दिवसांत मिळतो, सिंक आहे का, पोर्ट गिगाबिट आहे का, वीज कोणत्या व्होल्टेजची लागते, आणि तुमच्या माणसाला तो नीट वापरता येतो का. तालुक्यात दोन तासांत बदली मिळणारा मध्यम रेडिओ मला मुंबईहून आठ दिवसांनी येणाऱ्या उत्तम रेडिओपेक्षा बरा वाटतो.

एका सेक्टरवर कंपन्या मिसळू नका. साधं वायफाय ‘आधी ऐका, मग बोला’ या शिस्तीवर चालतं. ८ किलोमीटरवरच्या दोन ग्राहकांना एकमेकांचं ऐकूच येत नाही, ते एकदम बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. म्हणून प्रत्येक कंपनीने वेळ वाटून देणारी आपली पद्धत बसवली आहे, आणि त्या पद्धती एकमेकींशी सहसा बोलत नाहीत. व्होल्टेजचंही जपा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह रेडिओला ४८ व्होल्टचा पॅसिव्ह (समोर काय आहे ते न पाहता केबलमधून सरळ वीज सोडणारा) अडॅप्टर लावून जाळलेले रेडिओ दर हंगामात माझ्याकडे येतात.

९. ६० गिगाहर्ट्‌झचे रेडिओ ऑनलाइन मिळतात, गिगाबिट देतात. लावू का?

उपकरण मिळतं म्हणजे वापरायला मोकळीक आहे असं नाही. तो बँड प्रश्न ६ मधल्या मोकळ्या यादीत नाही. शिवाय या फ्रिक्वेन्सीला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डीबीच्या आसपास खातो आणि तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात आणखी जवळपास ३० डीबी जातात. ज्या देशांत परवानगी आहे तिथेही तो काहीशे मीटरच्या कामाचा आहे, आणि सह्याद्रीच्या पावसात तर त्याहून कमी.

१०. पाऊस आला की लिंक जाते. पाच गिगाहर्ट्‌झला पावसाचा त्रास होत नाही म्हणतात ना?

म्हणतात ते बरोबर आहे. तासाला १०० मिलिमीटरचा धो धो पाऊस पडला तरी ५.८ गिगाहर्ट्‌झला किलोमीटरमागे फार तर एक डीबी जातो, आणि एवढा जोर सलग सगळ्या वाटेवर क्वचितच असतो. प्रश्न ४ प्रमाणे नीट आखलेली लिंक तेवढ्याने पडत नाही. पडत असेल तर पाऊस निमित्त आहे, कारण दुसरं आहे. मी या क्रमाने शोधतो.

पाऊस थांबल्यावर लगेच लिंक सुधारते की तासाभराने? तासाभराने सुधारत असेल तर ओली पानं बघा. कोरड्या फांदीतून तग धरलेली लिंक ओल्या फांदीतून जात नाही. हे फ्रेनेल झोनमधलं झाड असतं, प्रश्न २ मधलं.

दोन-दोन दिवस सुधारत नसेल तर पाणी आत गेलं आहे. कनेक्टर उघडा. हिरवट थर दिसला तर तो बदलाच, पुसून पुन्हा लावू नका. रेडिओकडे जाणाऱ्या केबलला खाली झोळ ठेवला आहे का? नसेल तर पाणी केबलवरून घरंगळत थेट पोर्टमध्ये उतरतं. रेडिओचं झाकण नीट बसलं आहे का? पोर्टचं तोंड खालीच आहे ना? रबरी टेप खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे प्रत्येक वेढा कौलासारखा खालच्यावर चढतो.

इथरनेट पोर्ट १००० वरून १०० वर किंवा १० वर उतरत असेल, तर रेडिओ निर्दोष आहे, केबल गेली आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल स्वस्तात मिळतात. वर न्यायला त्या कधीच वापरू नका. अस्सल तांब्याची, शील्ड असलेली, काळ्या आवरणाची केबल घ्या. आंबोली, महाबळेश्वर, ताम्हिणीच्या पट्ट्यात दुसरी काही टिकतच नाही.

आणि सरीच्या सुरुवातीलाच, वारा सुटताक्षणी लिंक जात असेल तर खांब हलतो आहे. प्रश्न ५ पाहा.

११. दर वर्षी मे-जूनमध्ये विजेने रेडिओ आणि स्विचचे पोर्ट जळतात. काय करावं?

वळवाच्या काळात हे जास्त होतं. बहुतेक वेळा वीज टॉवरवर पडलेली नसते. जवळ कुठेतरी पडते आणि लांब केबलमध्ये जोराचा झटका उमटतो. त्याला वाट हवी असते. तुम्ही दिली नाही तर तो स्विचमधून वाट काढतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे खांबाला एक अर्थिंग आणि खालच्या वायरिंगला दुसरं, एकमेकांशी न जोडलेलं. वीज पडते तेव्हा दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक तयार होतो आणि त्यांना जोडणारी एकमेव तार तुमची इथरनेट केबल असते. सगळी अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडा. सर्ज प्रोटेक्टर (झटका जमिनीकडे वळवणारं उपकरण) दोन्ही टोकांना लावा, आणि त्याची अर्थ तार आखूड व सरळ ठेवा. वेटोळं केलेली तार झटक्याला अडवते.

कोकणातल्या जांभ्यात आणि घाटमाथ्याच्या काळ्या कातळात चांगलं अर्थिंग मिळणं अवघड असतं. तिथे एका खोल खड्ड्याऐवजी अंतरावर तीन-चार रॉड ठोकून ते जोडा आणि मोजून घ्या. १० ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. हे करूनही एखादी जागा दर वर्षी जळतच असेल, तर टॉवर आणि रॅक यांच्यामध्ये फायबर टाका. काचेतून झटका जात नाही. अशा एका जागी मी तीन उन्हाळे सर्ज प्रोटेक्टर बदलत राहिलो. पहिल्याच वर्षी फायबर टाकलं असतं तर ग्राहकांचे आणि माझे कितीतरी दिवस वाचले असते.

१२. लाइट आठ-आठ तास जाते. किती बॅटरी लावू?

आधी वॅट मोजा. १० वॅटचे चार रेडिओ आणि १५ वॅटचा स्विच मिळून ५५ वॅट. आठ तासांचे ४४० वॅटतास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून दुप्पट धरा. ८८० भागिले १२ व्होल्ट म्हणजे ७३ अँपिअर-तास. तारांमधला आणि व्होल्टेज बदलतानाचा तोटा, बॅटरीचं वय हे धरून १०० ची घ्या. लिथियम फॉस्फेटला हेच काम ५० ते ६० मध्ये होतं.

घरगुती इन्व्हर्टर वापरू नका. डीसीचं एसी करायचं आणि अडॅप्टरने पुन्हा डीसी, यात बरीच वीज फुकट जाते. बॅटरीवरून थेट डीसी स्विच चालवा. आणि बॅटरीचा व्होल्टेज तुम्हाला दुरून दिसला पाहिजे. डोंगरावरची बॅटरी उतरल्याची खबर ग्राहकाच्या फोनवरून कळू नये.

१३. एका सेक्टरवर किती ग्राहक घेऊ?

डब्यावर लिहिलेला आकडा विसरा. तुमच्या सेक्टरचा गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष वेग मोजा. नव्या ठिकाणी मी रात्री नऊच्या सुमाराला घरामागे सरासरी ३ एमबीपीएस धरतो. प्रत्यक्षात १२० एमबीपीएस देणाऱ्या सेक्टरला त्या हिशेबाने ४० घरं. हा माझा ठोकताळा आहे. तुमच्या ग्राफवरचा आकडा दिसू लागला की तोच वापरा.

एक दुबळा ग्राहक पूर्ण सेक्टर खाली ओढतो, हे मात्र सगळीकडे खरं आहे. उणे ८० वरचं घर तेवढाच डेटा घ्यायला चांगल्या सिग्नलच्या घराच्या पाच-सहापट वेळ अडवतं. त्याला मोठी डिश द्या, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा.

१४. मध्ये डोंगर आहे. टप्पे टाकत गेलं तर चालेल ना?

चालेल, पण हिशेब ठेवून. एक टप्पा ९९.९ टक्के वेळ चालू असेल तर वर्षात तो पावणेनऊ तास बंद राहतो. असे पाच टप्पे एकामागे एक लावले की वर्षाला जवळपास ४४ तास. शेवटच्या वाडीला हे सगळे तास भोगावे लागतात. तिसऱ्या टप्प्यानंतर दुसऱ्या बाजूने परतणारी वाट शोधा. शेजारच्या सेवादाराशी बोलून दोघांनी एकमेकांची पर्यायी वाट व्हायला हरकत नसावी.

जंगलातून, झाडांआडून जायला कमी फ्रिक्वेन्सी बरी. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यांवर असा प्रयोग करून दाखवला होता. पण ते पट्टे आपल्याला मोकळे नाहीत, त्यामुळे सध्या तरी टेकडीवरचा खांब हाच उपाय.

१५. लिंक दिवसभर चांगली, पण थंडीत पहाटे पडते. धरणावरून जाणारीचं तर वर्षभर काही कळत नाही.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण एकत्र विचारले जातात. थंडीत पहाटे दरीत गार हवा साचते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. या थरात लहर वाकते, कधी वर निघून जाते तर कधी दोन वाटांनी पोचून स्वतःलाच मारते. ऊन वर आलं की सगळं ठीक. रेडिओ बदलून हे जात नाही. वाट जमिनीला घासून जात असेल तर उंच करा, आणि सिग्नलमध्ये जादा १०-१५ डीबी राखून ठेवा.

पाण्यावरून जाताना आरशासारखं परावर्तन होतं. उजनीच्या फुगवट्यावरून इंदापूर-करमाळा बाजूला जोडायचं म्हटलं तर ऑक्टोबरमधलं पाणी आणि मेमधलं पाणी यांच्या पातळीत मोठा फरक असतो. परावर्तित लहर कधी साथ देते, कधी मारते, आणि डिश मात्र जागची हललेलीही नसते. इथे दोन्ही टोकं सारख्या उंचीवर ठेवू नका. एक उंच, एक खाली ठेवलं की परावर्तनाची जागा खालच्या टोकाकडे सरकते. ती पाण्यावरून काठाच्या खडबडीत जमिनीवर, शक्यतो झाडीत, येईल अशी उंची निवडा. नाहीच जमलं तर एकाच खांबावर काही मीटर अंतराने दोन डिश लावून दोन स्वतंत्र लिंक चालवा. दोन्ही सहसा एकदम पडत नाहीत.

१६. लिंक मध्येच मिनिटभर बंद होते आणि चॅनेल आपोआप बदललेलं दिसतं. कोणी हॅक केलं का?

नाही. रेडिओला रडारसारखी खूण ऐकू आली आणि नियमाप्रमाणे त्याने जागा सोडली. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ च्या पट्ट्यांत हे होतं, आणि हवामान रडारांचा ५६०० ते ५६५० हा भाग तर टाळलेलाच बरा. ही सोय बंद करू नका. मुख्य लिंक ५७२५ च्या वर न्या, आणि वर गर्दी असेल तर पर्यायी चॅनेलची यादी आधीच भरून ठेवा.